माझीच वांगी, आणि भरताला तिकीट?

सहा वर्षांनी ते नोंदींचं ॲप उघडलं. का? तर आजीच्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, प्रमाण त्यात लिहून ठेवलं होतं. जळगावचा उन्हाळा, घागरीत ज्वारी भिजून फसफसतेय, आणि हे म्हणतंय, 'पुन्हा स्वागत आहे!' डोंबलाचं स्वागत! आधी पासवर्ड मागितला. तो कुणाला आठवतो? मग ओटीपी. तो गेला जुन्या नंबरवर, जो २०२१ मध्येच बंद पडला.

कशीबशी आत शिरले, तर 'नवीन काय ते पाहा'. बाण, फुगे, पुढे, पुढे, पुढे. अरे बाबा, मला जुनंच पाहिजे ना! माझी पिवळी वही कुठंय? म्हणे 'वर्कस्पेस'मध्ये. म्हणजे कुठं, भुसावळच्या पुढे? वर एआय विचारतोय, सारांश करून देऊ का. चार ओळींचा सारांश! आणि दुसऱ्या फोनवर बघायचं तर दर महिन्याला पैसे. माझंच लिहिलेलं मीच विकत घ्यायचं?

तासाभराने नोंद सापडली एकदाची. 'ज्वारी ३ दिवस भिजव. तीळ, लसूण, मिरची. मीठ अंदाजे. बाकी मावशीला विचार.'