‘द रोड’चा शेवट वरून चिकटवलेला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘द रोड’ आणि ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’वरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, त्यासाठी मनापासून आभार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. या दोन्ही कादंबऱ्यांचा अमेरिकन लेखक कॉरमॅक मॅकार्थी वाचकाला भीषणतेत बुडवून काढतो आणि त्यालाच गांभीर्य समजतो. त्याच्या जगात भलेपणा करणारा जिवानिशी जातो, म्हणजे नीतीला तिथे जागाच नाही. ‘द रोड’च्या शेवटी मला जी आशा दिसली ती लेखकाने ऐन वेळी चिकटवलेली आहे, कारण बाप मरतो आणि तीन दिवसांत एक भला माणूस नेमका तिथे येऊन उभा राहतो. शिवाय, भरल्या पोटी जगबुडीची स्वप्नं बघणाऱ्यांचं हे साहित्य आहे.

यातला शेवटाबद्दलचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी तोच घेते.

‘द रोड’मध्ये जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या, राखेने झाकलेल्या अमेरिकेतून बाप आणि मुलगा सामानाची ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे चालले आहेत. माणसं माणसांना खातायत. पण कादंबरीतला खरा झगडा मला या दोघांमधलाच वाटतो. बापाचा नियम साधा आहे: आपण दोघं, आणि बाकी सगळे धोका. त्याला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही. एका घराच्या तळघरात, खाण्यासाठी कोंडून ठेवलेली जिवंत माणसं त्याने पाहिली आहेत. पिस्तुलात एकच गोळी उरली आहे, आणि वेळ आली तर ती स्वतःवर कशी झाडायची हे त्याने मुलाला शिकवून ठेवलंय. मुलगा मात्र दरवेळी उलटं मागतो. वीज पडून भाजलेल्या माणसाला काहीतरी देऊ या, वाटेतल्या म्हाताऱ्याला जेवू घालू या. एका ओसाड गावात त्याला आपल्याच वयाचं एक पोर दिसतं. बाप त्याला ओढून नेतो, पण मुलगा ते पोर विसरत नाही.

समुद्राजवळ एक चोर त्यांचं सगळं सामान पळवतो. बाप त्याला गाठतो आणि पिस्तुलाच्या धाकावर अंगावरचे कपडे, पायातले बूट, सगळं उतरवून घेतो. त्या थंडीत याचा अर्थ एकच होतो. मुलगा रडायचा थांबत नाही. सगळ्याची काळजी तुला करायची नाहीये, असं बाप चिडून म्हणतो, तेव्हा मुलगा मान वर करून सांगतो की मलाच करायची आहे. ते परत जातात, हाका मारतात, चोर सापडत नाही, शेवटी कपडे आणि बूट रस्त्यावर ठेवून येतात. मी त्याला मारणार नव्हतो, असं बाप नंतर म्हणतो. पण आपण मारलंच ना त्याला, हे मुलाचं उत्तर. संपूर्ण पुस्तकात नीतीचा याहून कठोर निवाडा नाही, आणि तो एका लहान मुलाने स्वतःच्या बापाला ऐकवलेला आहे. जिथे नीतीला जागाच नाही अशा पुस्तकात हे संभाषण कसं आलं असतं?

आता शेवट. ही गोष्ट आपण जवळजवळ सगळी बापाच्या नजरेतून वाचतो, त्यामुळे त्याचा संशय आपल्याही अंगात भिनतो. चांगली माणसं कुठे आहेत, असं मुलगा विचारतो तेव्हा बाप म्हणतो, लपलीयत. कोणापासून? एकमेकांपासून. तुमच्या आक्षेपाचं उत्तर मला तरी याच शब्दांत सापडतं. शेवटी येणारा तो माणूस आकाशातून पडत नाही. तुमच्या मागे यायचं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली होती, असं तो मुलाला सांगतो. सोबतचा माणूस तुझा बाप होता का, असंही विचारतो. म्हणजे त्यांनी या दोघांना आधीच पाहिलं होतं. त्याच्याबरोबर बायको आहे, एक मुलगा आहे, एक मुलगी आहे. ती माणसं त्याच मुलखात वावरत होती. बापाच्या नियमाने वागलं तर त्यांची गाठ कधीच पडली नसती, हे मला त्या शेवटातलं सगळ्यात हलवून टाकणारं सत्य वाटतं.

बापालाही ते मरताना उमगतं, असं मी वाचते. मागे राहिलेल्या त्या पोराचं काय झालं असेल, असं मुलगा शेवटी पुन्हा विचारतो. ज्याने आपल्या मुलाला त्या पोरापासून फरपटत दूर नेलं तोच बाप म्हणतो की चांगुलपणा त्याला शोधून काढेल, आजवर काढत आलाय. आणि मुलासाठी राखून ठेवलेली गोळी तो वापरत नाही.

आणखी एक तपशील तुमच्या नजरेतून निसटला असावा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात बाप उरलेला कोको मुलाला देतो आणि स्वतः नुसतं गरम पाणी पितो. मुलगा त्याला पकडतो: असं करणार नाही हे वचन दिलं होतंस; लहान वचन मोडणारा मोठंही मोडतो, तूच म्हणाला होतास. शेवटी तो अनोळखी माणूस बापाचं प्रेत पांघरुणात गुंडाळून ठेवायचं कबूल करतो. मुलगा परत येऊन बघतो तर ते गुंडाळलेलं असतं. या माणसावर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर मॅकार्थीने एका छोट्या, पाळलेल्या वचनातून दिलं आहे. याला मी सोय म्हणू शकत नाही.

जग सावरेल असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. शेवटचा परिच्छेद डोंगरातल्या ओढ्यांमधल्या माशांबद्दल आहे आणि ते पुन्हा पहिल्यासारखं करता येणार नाही, हे तो स्पष्ट सांगतो. माझी आशा त्या एका मुलापुरती आणि त्याला घरात घेणाऱ्या चार माणसांपुरती आहे. मला तेवढी पुरते.

आता ‘नो कंट्री’मधल्या मॉस या मुख्य पात्राबद्दल. तो वाळवंटातल्या गोळीबारानंतर मरायला टेकलेल्या एका माणसासाठी पाणी घेऊन रात्री वाळवंटात परत जातो, आणि तिथेच सापडतो. यावरून तुम्ही म्हणता की लेखक चांगुलपणाला मूर्खपणा ठरवतो. पण मॉसने त्याआधी त्याच गोळीबाराच्या जागेवरून दोन मिलियन डॉलर्सहून जास्त रोकड उचललेली आहे आणि त्या पैशांत माग काढणारं यंत्र दडवलेलं आहे. हा मूर्खपणा आहे हे ठाऊक असूनही तो पाणी घेऊन निघतो. ‘करावे तसे भरावे’ हा हिशेब आपल्या मनात इतका मुरलेला असतो की फळ मिळालं नाही की कृतीच खोटी वाटू लागते. मला उलट वाटतं. त्या माणसाला पाणी पोचत नाही, मॉसही वाचत नाही, तरी त्याच्या सगळ्या कृत्यांपैकी तेवढंच एक मी आदराने आठवते. त्याच कादंबरीत हरलेला शेरीफ बेल युद्धकाळात पाहिलेल्या, अखंड दगडातून कोरलेल्या पाण्याच्या कुंडाबद्दल बोलतो. ज्या मुलखाला शांतता अशी फारशी लाभलीच नाही, तिथे हजारो वर्षं टिकेल असं काही घडवणाऱ्याच्या मनात काय असेल, हा त्याचा प्रश्न आहे. ‘द रोड’ पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये आली. मला ती त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर वाटते.

मॅकार्थीच्याच ‘ब्लड मेरिडियन’ या कादंबरीबद्दल तुम्ही हाच आक्षेप घेतला असतात, तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. तिथला अंधार माझ्याच्याने भेदला जात नाही.

राहिला भरल्या पोटाचा मुद्दा. ‘द रोड’चं बीज कसं पडलं ते मॅकार्थीने 2007 मध्ये टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्रीला दिलेल्या मुलाखतीत सांगितलंय. तो टेक्सासमधल्या एल पासो शहरातल्या एका हॉटेलात होता, चार वर्षांचा मुलगा शेजारी झोपला होता. रात्री खिडकीतून गावाकडे बघताना, पन्नास-शंभर वर्षांनी इथल्या टेकडीवर आगी पेटलेल्या असतील, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. 1933 साली जन्मलेला हा बाप तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. आपण गेल्यावर या पोराचं काय, ही काळजी पोट भरलेलं असलं म्हणून कमी होत नाही. पुस्तक त्याच मुलाला अर्पण केलं आहे.

पुन्हा सगळं पुस्तक वाचा असा माझा आग्रह नाही. चोराचा प्रसंग आणि तिथून शेवटापर्यंतची पानं तेवढी वाचा, या वेळी मुलाच्या बाजूने. त्यानंतरही शेवट चिकटवलेलाच वाटला तर जरूर लिहा, कुठल्या वाक्याशी तुमचं अडतं ते सांगा. तिथून पुढे बोलू.