वटला, वठला, वठणीवर

चेक बाऊन्स झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं, तर आजूबाजूला कुणी बघत नाहीये ना ते पाहिलं आणि फोन उपडा ठेवला. चेक माझा नव्हता, त्यावरची सही माझी नव्हती, रिकामं खातंही माझं नव्हतं. तरीही कान गरम झाले ते माझेच.

आपल्याकडे चेक 'वटतो'. क्रियापद छान आहे, पण फार नाजूक. ट-च्या तळाशी जरा गाठ बसली की त्याचा ठ होतो आणि चेक वठतो, झाडासारखा. माझा वठला.

प्रकरण हातउसन्याचं. ओळखीतले एक गृहस्थ. (नाव सांगत नाही. पुढे वाचाल तर कळेल की मी त्यांना अजूनही घाबरतो.) 'आठ दिवसांत देतो' म्हणाले आणि मी दिले. रक्कमही सांगणार नाही, कारण ती ऐकून निम्मे लोक 'एवढ्याशासाठी?' म्हणतात आणि उरलेले 'एवढे दिलेतच कसे?' म्हणतात. त्या आठ दिवसांचे बरेच महिने झाले. मग एक दिवस त्यांनी स्वतःहून चेक हातात ठेवला. 'घ्या, तुमच्या मनाला शांती.' मला इतकं भरून आलं की मी 'घाई नव्हती हो' असं म्हणून गेलो. घाई होती.

चेक भरताना काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, आता क्लिअरिंग फास्ट झालंय. आज भरला की आजच कळतं." खरं आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर एकेक करून पुढे जातात, त्याच दिवशी वटतात आणि वटायचे नसतील तर त्याच दिवशी परतही येतात. पूर्वी निदान एक-दोन दिवस माणूस मनातल्या मनात ते पैसे खर्च करून घ्यायचा. ते सुखही गेलं. शिवाय चेक स्वतः कुठे जातच नाही, त्याचा फोटो जातो. म्हणजे माझ्या चेकचा अपमान त्याच्या गैरहजेरीत, फोटो दाखवून झाला.

मूळ चेक आणि रिटर्न मेमो घ्यायला गेलो. रिटर्न मेमो म्हणजे चेकचं शवविच्छेदन. चेक कशाने गेला ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी बँकांकडे कारणांची एक ठरलेली यादी आहे. ती मी पुढे कादंबरीसारखी वाचून काढली. सही जुळत नाही. तारीख उलटून गेली. खातं बंद. पैसे देऊ नका असं खातेदारानेच सांगितलं. यात माझं सगळ्यात आवडतं कारण म्हणजे 'रिफर टू ड्रॉअर'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, खणात बघा म्हणतायत. तर ड्रॉअर म्हणजे चेक लिहिणारा. 'का परत आला ते आम्हाला नका विचारू, त्यांनाच विचारा', हे बँकेने सभ्य शब्दांत सांगितलेलं असतं. माझ्या मेमोवर मात्र कसलीही सभ्यता नव्हती. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, बस.

आणि दंड? तो त्यांच्या बँकेने त्यांना लावला असणारच. पण माझ्या बँकेने मलाही लावला, वर जीएसटीसकट. मी मॅडमना विचारलं, "माझी चूक काय?" त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही भरला ना." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

गृहस्थांना फोन केला. माझाच आवाज असा निघत होता, जणू मीच उसने मागतोय. ते मात्र प्रसन्न. "अरेच्चा! मला वाटलं खात्यात असतील. सोमवारी पुन्हा टाका." चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो कितीही वेळा भरता येतो, म्हणून सोमवारी टाकला. सोमवारी परत आला. पुन्हा दंड, पुन्हा जीएसटी. या वेळी मॅडमनी काही न बोलता मेमो पुढे सरकवला, आजारी माणसाच्या नातेवाइकाला डॉक्टर कागद देतात तसा.

त्यानंतरचे तेवीस दिवस मी जे केलं त्याला शास्त्रीय भाषेत 'काहीही न करणे' म्हणतात. नाही म्हणायला फोन चौदा केले, त्यांतले दोन त्यांनी उचलले. एकदा गृहस्थ समोरून येताना दिसले तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. पैसे माझे अडकलेले, आणि तोंड चुकवतोय मी! त्यांनी पलीकडूनच हात हलवला. "काय, तब्येत बरी ना?"

बायको म्हणाली, "भीड ही भिकेची बहीण. आजच्या आज त्या तुझ्या वकील मित्राला फोन कर."

वकील मित्र शाळेपासूनचा, त्यामुळे सल्ल्याआधी शिव्या आल्या.

"कशापायी दिलेला चेक? भेट म्हणून नाही ना? भेटीच्या चेकला हा कायदा लागू नाही, देणं असावं लागतं."

"हातउसने दिले होते."

"रोख?"

"नाही, खात्यातून पाठवले."

"चला, आयुष्यात एक काम नीट केलंस. चेक परत आल्याचं बँकेकडून कळून किती दिवस झाले?"

"दुसऱ्यांदा ना? तेवीस."

पलीकडे शांतता. मग एक दीर्घ श्वास. "तीस दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, गाढवा. सात उरलेत."

मग त्याने मला जो कायदा शिकवला त्याचं मराठी नाव 'परक्राम्य संलेख अधिनियम, 1881'. हे नाव एका दमात म्हणता आलं तर समोरचा तिथेच पैसे काढून देईल. वकील मंडळी नुसतं 'एकशे अडतीस' म्हणतात. कायदा 1881 चा असला तरी त्यात चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं हे कलम 138 लागू झालं ते 1 एप्रिल 1989 ला. चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीनवर आली तीही 1 एप्रिललाच, 2012 मध्ये. चेक घेऊन निश्चिंत होणाऱ्यांसाठी याहून योग्य दिवस कॅलेंडरमध्ये नाही.

हिशेब असा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्यांना 15 दिवस. तरी दिले नाहीत तर त्यानंतर एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. ती माझं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच कोर्टात करता येते. 2015 च्या दुरुस्तीने एवढी तरी सोय केली, नाहीतर स्वतःच्या पैशांसाठी दुसऱ्याच्या गावी खेटे घालावे लागले असते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"दोन वर्षं?" मी दचकलो. "नको रे. त्यांना बीपी आहे."

"तुला काय आहे?"

मी विषय बदलला. "पण ते म्हणतात, त्यांना वाटलं खात्यात पैसे असतील."

"कलम 140. 'चेक परत येईल असं वाटलं नव्हतं' हा बचाव चालतच नाही. कायदा करणाऱ्यांना तुझे गृहस्थ आधीच भेटलेले दिसतात."

"आणि नोटीस घेतलीच नाही तर?"

"बरोबर पत्त्यावर पाठवलेली घ्यायला नकार दिला, तरी मिळाली असंच धरतात. बाकी नोटिशीत चेकवरची रक्कम रुपयाचाही फरक न करता लिहायची. तुझ्या मनस्तापाचे पैसे त्यात मिसळू नकोस, नोटीसच बाद व्हायची."

"आणि कोर्टात किती दिवस?"

"सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असं कलम 143 म्हणतं." 'प्रयत्न' हा शब्द उच्चारताना तो खोकल्यासारखं काहीतरी करून हसला. "पण तिथवर बहुतेक जात नाही. नोटीस गेली की माणसं वठणीवर येतात."

हा तिसरा शब्द. वटणे, वठणे आणि वठणी. एका चेकने माझं शब्दभांडार बरंच वाढवलं.

नोटिशीचा मसुदा आला. भाषा पाहून मीच हादरलो. 'माझे अशील' म्हणजे मी, आणि मी त्यात भलताच करारी होतो. मी हळूच विचारलं, शेवटी 'कळावे, लोभ असावा' घालता येईल का? त्याने फोन ठेवला. अठ्ठाविसाव्या दिवशी नोटीस स्पीड पोस्टाने रवाना झाली. ती कुठवर पोचली हे मी दिवसातून नऊ वेळा बघत होतो, मुलीचं विमान बघतात तसं. तिसऱ्या दिवशी पोचली. मग पंधरा दिवस मोजायला घेतले.

तेराव्या दिवशी खात्यात पैसे जमा. पूर्ण. दोनदा लागलेला दंड सोडून, पण त्याचं नाव कोण काढतो. पाठोपाठ गृहस्थांचा फोन.

"अहो, नोटीस कशाला पाठवलीत? ही घरात एकटी होती, तिने सही करून घेतली. दोन दिवस जेवली नाही. एक फोन करायचा ना मला!"

"केले होते..." मी म्हणालो.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आणि तो जुना चेक तेवढा परत आणून द्या बरं का, उगाच कुणाच्या हाती लागायला नको."

बायको समोर बसून ऐकत होती. तिच्याकडे पाठ करून मी म्हणालो, "सॉरी."

"जाऊ द्या हो," ते मोठ्या मनाने म्हणाले. "माणूस आहे, चुकतो."