ये रे माझ्या मागल्या

माझा जुना लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घेतो. तेवढ्या एका कारणावरून मी सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर स्वतः जोडायचं ठरवलं. शेवटचा स्क्रू पिळला, घरातल्यांना हाक मारली, "बघा आता," म्हणालो आणि बटण दाबलं. पंखे गरगरले, रंगीत दिवे लखलखले. मॉनिटर मात्र काळाठिक्कर.

माझ्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर, चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी, म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सुरू होणं). ज्याचं दुखतं त्याचा पेटतो. माझा डीरॅमचा पेटला होता. अर्धं मिनिट वाट पाहिली, मशीन बंद केलं, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. तेच. मग एकच पट्टी ठेवून पाहिली. मग दुसरी. तासाभराने कळलं की डीडीआर५ रॅम असली की मशीन पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे रॅमशी जुळवून घेतं, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. शिवाय पट्ट्यांची जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ते बिचारं अभ्यासाला बसत होतं आणि मी दर अर्ध्या मिनिटाने त्याचं दप्तर हिसकावून घेत होतो!

हाताची घडी घालून बसलो. दिवा विझला. पडदा तरीही काळाच. या खेपेला केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचलेली निघाली. काखेत कळसा. हे घरी अजून कुणाला माहीत नाही.

आता विंडोज घालायला पेनड्राइव्ह बनवायचा, म्हणजे लॅपटॉप काढणं आलं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, पूर्ण रिकामा, आणि म्हणतो फाइल मावत नाही. कारण तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीची एक फाइल जात नाही. वाडा रिकामा, पण दारातून कपाट आत शिरेना.

तेही निस्तरलं. इन्स्टॉलर उघडला आणि म्हणाला, "एकही ड्राइव्ह सापडला नाही." बायॉसला, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रामला, एसएसडी (साठवणीची डिस्क) दिसते, याला दिसत नाही. डिस्क सांभाळणाऱ्या स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवायला लागणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून भरवावा लागतो म्हणे. पुन्हा लॅपटॉप. भरवला, तर दिसलेली डिस्क त्याला पसंत पडेना! एसएसडी तेवढी मी जुनीच वापरली होती, तिच्यावर एमबीआर पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांची जुन्या पद्धतीची नोंद; याला हवं नव्या पद्धतीचं जीपीटी. मग शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्ट हा डिस्कच्या वाटण्या करणारा प्रोग्राम सुरू करायचा आणि 'क्लीन' लिहायचं. एक साधी फाइल कायमची पुसताना "नक्की ना?" विचारणारं हे यंत्र इथे अख्खी डिस्क एका शब्दावर साफ करतं. फोटोंच्या डिस्कची केबल मी आधीच उपटून ठेवली होती, नाहीतर घरात हा विनोदी लेख ठरला नसता.

शंभर टक्के झालं. मशीन रीस्टार्ट झालं. आणि पडद्यावर प्रश्न आला: तुमची भाषा निवडा.

मला वाटलं, चुकलं असेल काहीतरी. नुकतंच भरलेलं पार्टिशन इमानेइतबारे पुसलं आणि नव्याने इन्स्टॉल केलं. शंभर टक्के, रीस्टार्ट, तुमची भाषा निवडा. तिसऱ्या खेपेला माझी भाषा मी मोठ्याने निवडली, तेव्हा बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, तो पेनड्राइव्ह अजून का लावून ठेवलाय?"

बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे सुरू होताना मशीनने आधी कुठे पाहायचं त्या यादीत, पेनड्राइव्ह पहिला होता. दर वेळी मशीन इमानदारीने त्याच्याकडेच जात होतं. तो उपटला आणि गाडी पुढे सरकली, ती थेट "इंटरनेटला जोडा" या पाटीपर्यंत. वायफायचा ड्रायव्हर नव्हता. तो मिळतो इंटरनेटवर.

लॅपटॉप परत बाहेर काढला. चार मिनिटं लागली, पण सुरू झाला.