‘रॅम खराब आहे, बदलून घ्या’ एवढ्यावर भागत नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग समजला. नवा पीसी जोडला, गेम उघडला की निळा स्क्रीन, दुकानदार ‘बघू, करू’ म्हणतोय आणि मी ‘एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून बघा’ असं लिहून त्याचीच वकिली करतोय, असं तुमचं म्हणणं. ‘६०००च्या वेगाचे पैसे मोजलेत, मग रॅम ४८००वर का चालवू? रॅम खराब आहे, बदलून घ्या, एवढं सांगायला इतकं पाल्हाळ कशाला?’

आधी माझी चूक. एक्सपो बंद करणं ही तपासणी आहे, उपाय नाही, हे मी लिहायला हवं होतं. ते वाक्य आता बदललंय.

पण ‘रॅम खराब’ला मी अजून हो म्हणणार नाही. तुम्हीच लिहिलंय की प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला आहे आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन-दोन स्टिकचे (पट्ट्यांचे) दोन संच घेतलेत. या प्रोसेसरसाठी तो बनवणाऱ्या एएमडीने स्वतः दिलेला रॅमच्या वेगाचा आकडा असा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापलीकडे पळवणं. पाकिटावरचे ६००० त्या एका संचापुरते. चौघींना घेऊन पळायचं काम प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं, आणि त्याने ६०००चा शब्द कुणालाच दिलेला नाही. उद्या स्टिक दुकानात नेल्यात तर दोन-दोन करून लावल्यावर त्या ठणठणीत निघायची शक्यता मोठी. मग हात हलवत परत यायचं.

हे ऐकीव नाही. गेल्या दिवाळीत भाच्याचा पीसी जोडून दिला. ३२ जीबी लावलेली, विंडोज १६च दाखवतंय. मीही म्हणालो, एक स्टिक गेली. मग एकेक करून ए२ स्लॉटमध्ये (बोर्डवर रॅम बसवायच्या खाचेत) लावली, तर दोन्ही चालल्या. बी२मध्ये दोन्हींपैकी एकही चालेना. म्हणजे दोष स्टिकबरोबर फिरत नव्हता, जागेला चिकटून होता. कूलर काढला, प्रोसेसर उचलला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. वाऱ्याने झुकलेल्या पिकासारख्या प्रोसेसरखालच्या सॉकेटमधल्या सगळ्या पिना एका दिशेला, आणि त्यात एकच आडवी. प्रोसेसर बसवताना माझ्याच हातून कोपरा टेकला होता. भाचा काही बोलला नाही, ते जास्त लागलं. शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या टोकाने ती पिन सरळ केली तेव्हा कुठे ३२ दिसले. (तुम्ही हा प्रयोग करू नका. माझं नशीब होतं.)

तेव्हा आता दोन स्टिक काढा. एकाच संचातल्या दोन ए२ आणि बी२मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवा. चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहील. बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. एक्सपो बंद ठेवून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ, म्हणजे चूक, आली तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून पुन्हा. चांगल्या स्लॉटमध्ये, ४८००वर जी स्टिक चुकते ती खराब. तिचा फोटो काढा आणि दुकानदाराशी खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूने. काहीच निघालं नाही तर एक्सपो चालू करून पुन्हा चाचणी. तेव्हाच चुका दिसल्या तर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, तरी थांबल्या नाहीत तर ५६००वर या. गेममध्ये हा फरक डोळ्यांना जाणवायचा नाही.

आणि सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसतं म्हणून फसवलं म्हणता, तिथे दुकानदार निर्दोष आहे. तुमची डीडीआर प्रकारची रॅम एका ठोक्याला दोनदा डेटा हलवते. ठोके ३०००, म्हणून वेग ६०००.

निकाल इथेच कळवा, कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये होती त्यासकट. त्यासाठी सुरू करण्याआधी चारही स्टिकना कागदी चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे टाका. दिसायला त्या सारख्याच असतात, आणि रात्री दोनला कोणती कुठली ते कुणालाच आठवत नाही.