बेळगांव, बेळगाव, बेळगावी आणि एक वाकडा बाण

मास्तरांचा फोन सकाळी सव्वासहाला आला. अशा वेळी फोन वाजला की माणूस आधी मनातल्या मनात म्हाताऱ्या नातेवाइकांची हजेरी घेतो. माझी अजून दोन नावं शिल्लक होती, तोवर मास्तर म्हणाले, “अरे, बेळगाव गेलं की रे.”

“कुठं गेलं?”

“ते तू बघ. रात्री होतं. आता नाही.”

मी उठून खिडकीतून पाहिलं. दूधवाला होता, समोरच्यांचा कुत्रा होता, नळाला पाणी नव्हतं. म्हणजे बेळगाव जागच्या जागी होतं. मास्तर बोलत होते ते आमच्या विकीवरच्या बेळगावाबद्दल.

“नाव घातलं की लेख यायचा. आता नुसता एक बाण येतोय. वाकडा. आधी खाली जातो आणि मग उजवीकडं वळतो. पुढं लिहिलंय ‘बेळगावी’.” मास्तर थोडं थांबले. भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. “नकाशात इथनं खाली जाऊन उजवीकडं वळलं की काय लागतं, सांग बघू?”

“धारवाड,” मी म्हणालो.

“तेच म्हणालोय मी,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता हा विकी काय, ते सांगायला हवं. वाचनालयात पेपर वाचायला येणारे आम्ही सात-आठ जण. कुणाला तरी हुक्की आली की आपल्या भागातली गावं, गल्ल्या, जत्रा, खाणंपिणं, सगळं मराठीत एका जागी लिहून ठेवावं, आणि ज्याला जे ठाऊक त्यानं ते भरावं. मराठी विकिपीडिया मीडियाविकी नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते फुकट मिळतं. भाचीनं ते आम्हाला बसवून दिलं. प्रचालक, म्हणजे विकीची देखरेख करणारा, कोण, हे ज्या बैठकीत ठरलं तिला मी नव्हतो. मी नव्हतो म्हणूनच मी झालो.

लेख लिहिणं सोपं आहे हो. नाव देणं अवघड. आमच्याकडं एका नावाचं एकच रूप असलेली वस्तू औषधालासुद्धा मिळत नाही. निपाणी आणि निप्पाणी. चिकोडी आणि चिक्कोडी. येळ्ळूर, येळूर आणि यळ्ळूर. रिक्षात बसून ‘धर्मवीर संभाजी चौक’ म्हटलं की रिक्षावाला मागं वळून विचारतो, “बोगारवेस न्हवं?” खुद्द शहराचं तर विचारूच नका. ताम्रपटातलं वेणुग्राम सोडा, ते जुनं झालं. बेळगाव, बेळगांव, बेळगाम, इंग्रजीवरून बेलगाम, हिंदीवाल्यांचं बेलगांव, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. त्या दिवशी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं एकदम बदलली. बाकी अकरांच्या प्रचालकांना माझा नमस्कार.

विकीवर याला उपाय आहे. त्याचं नाव पुनर्निर्देशन. लेख एकाच नावानं लिहायचा. उरलेल्या प्रत्येक नावाचं एक रिकामं पान करायचं आणि त्यात एकच ओळ टाकायची: ‘#पुनर्निर्देशन’ आणि पुढं दुहेरी चौकटी कंसात मूळ लेखाचं नाव. वाचक कुठल्याही नावानं येऊ दे, सॉफ्टवेअर त्याला बखोटीला धरून मूळ लेखावर नेऊन बसवतं. मथळ्याखाली बारीक अक्षरात फक्त ‘बेळगाम पासून पुनर्निर्देशित’ असं म्हणतं. वाचकाला आपण मधे एका पानावरून उडी मारली याचा पत्ताही लागत नाही.

मला हे पहिल्यांदा भाचीनं समजावलं तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे ॲफिडेव्हिट.” वडिलांच्या उताऱ्यावर गावाचं नाव एक, माझ्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं. ही तिन्ही गावं म्हणजे एकच गाव, आणि त्या गावातला तो माणूस म्हणजे मीच, असं बॉण्डवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून मी आजवर चार वेळा दिलंय. विकीवर तेच काम एका ओळीत आणि फुकट होतं. मी इतका खूश झालो, की पहिल्या आठवड्यात चाळीस पुनर्निर्देशनं केली. बायको म्हणाली, “ओ, लेख कधी लिहिणार?”

त्यात मास्तरांचं एक वेगळंच. ते ‘बेळगांव’ लिहितात. गां वर अनुस्वार. नांव, गांव, कांहीं, सगळीकडं. मी एकदा धीर करून म्हणालो, “मास्तर, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकलेत.” मास्तरांनी चष्मा पुसला. “नियम कुणी केले?”

“साहित्य महामंडळानं. महाराष्ट्रात.”

“आणि आपण म्हैसूर राज्यात कधी गेलो?”

“१९५६.”

“मग?” मास्तर म्हणाले. “आम्हाला कधी लागू झाले ते?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सुप्रीम कोर्टात २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, त्यात हा मुद्दा कुणी मांडलाय की नाही कोण जाणे. मी गुपचूप ‘बेळगांव’ या नावाचं पान केलं आणि ते ‘बेळगाव’कडं वळवलं.

तर त्या सकाळी चहासुद्धा न घेता मी लॅपटॉप उघडला. अलीकडचे बदल पाहिले. आमच्यातला एक पोरगा बेंगळुरूला इंजिनिअर आहे, त्यानं रात्री पावणेदोनला ‘बेळगाव’ हा लेख उचलून ‘बेळगावी’ या नावावर नेला होता. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ‘ऑफिशियल’. लेख हलवला की सॉफ्टवेअर जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन ठेवून जातं, घर बदलताना दारावर नव्या पत्त्याची चिठ्ठी लावावी तसं. म्हणजे ‘बेळगाव’ आता ‘बेळगावी’कडं वळत होतं. आणि मास्तरांचं ‘बेळगांव’ अजून ‘बेळगाव’कडंच वळत होतं. याला म्हणतात दुहेरी पुनर्निर्देशन. मीडियाविकी एकच उडी मारतं. दुसरी मारत नाही. मधल्या पानावर वाचकाला उतरवतं, हातात तो वाकडा बाण देतं आणि म्हणतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे असं का, तर म्हणे समजा अ पानावरून ब कडं पाठवलं आणि ब वरून परत अ कडं, तर वाचक जन्मभर भोवऱ्यासारखा फिरत राहील. यंत्राला ही भीती वाटते. एका ऑफिसात मी वारसाचा अर्ज घेऊन गेलो होतो, तिथं कुणाला ती वाटत नव्हती. तीन नंबरच्या टेबलावरून मला सातवर पाठवलं, सातवरून माडीवर, माडीवरचे साहेब मीटिंगला म्हणून परत खाली, आणि खाली आलो तर तीन नंबरच्या बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, “सातकडं जा, म्हणून सांगितलं न्हवं तुम्हाला?” मी गेलो. माणूस जातो. मधल्या कुठल्याच टेबलावर मथळ्याखाली बारीक अक्षरात ‘तीन नंबर पासून पुनर्निर्देशित’ असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगावं लागलं, एवढंच. आणि आमच्या आजोबांचं काय घ्या, मुंबई इलाख्यात जन्मले, मुंबई राज्यात लग्न केलं, म्हैसूर राज्यात पेन्शन घेतली आणि १९७३ नंतर कर्नाटकात वारले. एकदाही घर बदललं नाही. त्यांना कुणी वाकडा बाणही दाखवला नाही.

असो. गंमत अशी, की त्या पोरानं बाकीची सगळी दुहेरी पुनर्निर्देशनं रात्रीच नीट केली होती. बेळगाम, बेलगाम, बेलगांव आणि आणखी दोन, पाचही थेट ‘बेळगावी’कडं वळवलेली. फक्त ‘बेळगांव’ तसंच सोडलेलं. मी त्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, “काका, असं कोण लिहितंय आता?” म्हणजे अख्ख्या सीमाभागात जो एक माणूस असं लिहितो, तोच नेमका त्या खड्ड्यात पडला होता.

तोवर मास्तरांनी स्वतः दुरुस्तीला हात घातला होता. लेख परत ‘बेळगाव’वर हलवायला गेले. हलेना. कारण असं, की जुन्या नावावर नुसतं एकाच आवृत्तीचं पुनर्निर्देशन असेल आणि ते ह्याच लेखाकडं वळत असेल, तर कुणीही सदस्य त्याच्यावरून लेख परत नेऊ शकतो. पण त्या पानात नंतर कुणी काना-मात्रेचाही बदल केला, की दार बंद. मग प्रचालक लागतो. पोरानं त्या पानावर एक वर्ग, म्हणजे पानांचे गट पाडायची चिठ्ठी, जोडून ठेवला होता. ‘जुनी नावं’. मास्तरांनी हा वर्ग पाहिला आणि मला दुसरा फोन केला. त्या फोनमधलं इथं छापण्यासारखं थोडंच आहे.

पुढचे तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मास्तरांचं म्हणणं, मराठी विकीवर मराठी नाव. पोराचं म्हणणं, गॅझेटमध्ये आहे ते नाव. कुणीतरी म्हणालं, स्टेशनचा कोड अजून बीजीएमच आहे बघा. दुसरा म्हणाला, विमानतळाचा आयएक्सजी आहे, मग लेखाला ते नाव द्यायचं होय? तिसऱ्यानं चर्चा पानावर मिठायांत कुंदा श्रेष्ठ की करदंट, यावर मत मागितलं आणि तिथं एका दिवसात सगळ्यांत जास्त उत्तरं आली. मी शेवटी बऱ्याच विकींवर जो साधा हिशेब करतात तोच केला: वाचक काय नाव शोधत येतो? मराठी वाचक ‘बेळगाव’ शोधत येतो. लेख ‘बेळगाव’वर ठेवायचा आणि सरकारी नाव पहिल्याच ओळीत तारखेसकट द्यायचं. पोरगा समंजस निघाला. “चालतंय की काका,” म्हणाला, “खरं मी केलेली पाच आता परत दुहेरी झाली. ती तुम्ही करा.”

ती मी केली. एक-एक उघडून, हातानं. पुनर्निर्देशनाचं पान उघडणं हाही एक उद्योगच. तुम्ही त्यावर जाता आणि ते तुम्हाला लगेच पुढं ढकलतं. मग मथळ्याखालच्या त्या बारीक ओळीवर क्लिक करून मागच्या दारानं आत शिरायचं. चौथ्या पानाला मला डुलकी लागत होती. मी ‘पुनर्निर्देशन’ऐवजी ‘पुनर्निदेशन’ लिहिलं, दे वरचा तो एक रफार राहिला. सॉफ्टवेअरला तो शब्दच कळला नाही. आणि ओळीच्या सुरुवातीला # असलं की ते क्रमांकाची यादी समजतं. त्यामुळे ‘बेलगाम’ शोधणाऱ्याला रात्रभर एकच ओळ दिसत राहिली: ‘१. पुनर्निदेशन बेळगाव’. सकाळी पोराचा निरोप आलेला होता: “काका, मुद्दा दुसरा काय?”

आणि हे कमी म्हणून चुरमुऱ्याचे लाडू. बायकोनं फोनवरून त्यांच्यावर लेख लिहिला होता, मी त्याच्या आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवरून. दोन्ही लेखांचं नाव अक्षर न् अक्षर तेच, तरी पानं दोन! दोन दिवस मी डोळे फोडून पाहिलं. शेवटी भाचीनं सांगितलं, की ऱ्या हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकीत मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला फरक नाही, यंत्राला आहे. मी बायकोचा लेख ठेवला (घरात राहायचंय) आणि माझ्या पानावरून तिच्याकडं पुनर्निर्देशन टाकलं. मास्तरांना ते दिसलं. “अरे,” ते काळजीच्या सुरात म्हणाले, “तू लाडवावरून माणसाला लाडवाकडं पाठवायला लागलायस. जरा झोप काढ.”

एवढं सगळं झाल्यावर मी मास्तरांना फोन केला. “आता बघा. तुमचं नाव घाला.” पलीकडं एका बोटानं टाइप केल्याचा टकटक आवाज आला. अनुस्वारासाठी जरा जास्त वेळ लागला.

“आलं,” मास्तर म्हणाले. “खरं वर कायतरी बारीक लिहिलंय. ‘बेळगांव पासून पुनर्निर्देशित’.”

“ते असंच असतं मास्तर. तुम्ही कुठनं आलात ते सांगतंय ते.”

“ते मला ठाऊक आहे की रे,” मास्तर म्हणाले.

परवा अलीकडचे बदल चाळताना दिसलं, की मास्तर त्या बारीक ओळीवरून मागच्या दारानं ‘बेळगांव’ पानावर जाऊन आलेत. पुनर्निर्देशनाची ओळ त्यांनी तशीच ठेवलीय, त्यामुळे पान अजूनही नीट वळतं. पण तिच्याखाली एक ओळ स्वतःची लिहिलीय: ‘हें नांव बरोबर आहे.’ वाचक तिथं थांबत नाहीत, सॉफ्टवेअर त्यांना थेट पुढं घेऊन जातं, म्हणून ती ओळ माझ्याशिवाय कुणी वाचलेली नाही. प्रचालक म्हणून मी ती काढायला पाहिजे. काढीन कधीतरी.