कारखाना खासगी, पण इंजिनचं काय?
अ‍ॅम्का हे आपलं स्वदेशी स्टेल्थ लढाऊ विमान बनवायला खासगी कंपन्यांना पण सरकारी एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बरोबरीने संधी, हे मे २०२५ मध्ये ठरलं ते बरंच झालं म्हणायचं, कारण एचएएलचं तेजस लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं जानेवारी २००१ ला आणि त्याच्याच सुधारित ८३ मार्क-१ए ची ऑर्डर गेली २०२१ मध्ये, तरी हवाईदल अजून वाटच बघतंय. पण सगळं खापर एचएएलवर फोडू नका राव, अमेरिकेतून जीई कंपनीची तेजससाठीची इंजिनंच वेळेवर आली नाहीत. अ‍ॅम्काला पण सुरुवातीला जीईचंच एफ-४१४ इंजिन लागणारे, मग खासगीवाला तरी काय जादू करणार? सरकारने १५ हजार कोटी अ‍ॅम्काच्या प्रोटोटाइपला (नमुना विमानांना) दिलेत, ठीक. आपल्या स्वदेशी कावेरी इंजिनाचं घोंगडं मात्र १९८० च्या दशकापासून भिजतंय, त्यावर कोणी बोलतच नाही.