शाल्यापिनला गुरू नव्हता, हे खोटं आहे

गेल्या आठवड्यात माझ्या गाण्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी मला एक संदेश पाठवला. कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याचा मजकूर असा: रशियाचा जगप्रसिद्ध ऑपेरा गायक फ्योदोर शाल्यापिन हा जोडे शिवणारा अडाणी पोरगा होता, तो आयुष्यात कधी कुणाकडे गाणं शिकला नाही, देवाने भरदार खर्ज दिला, पहिल्याच संधीत नाव झालं आणि जग पायाशी आलं. शेवटी तात्पर्य दिलंय की गाणं रक्तातच असावं लागतं, क्लासवर पैसे घालवू नका. ती मुलगी आता येणार नाही. म्हणून हे लिहायला बसले.

संदेशातला खरा भाग आधी मान्य करते. शाल्यापिन 1873 साली कझानला गरीब घरात जन्मला. वडील कचेरीत कारकून, दारूच्या आहारी गेलेले. पोराने जोडे शिवणाऱ्याकडे आणि कातारी कामात उमेदवारी केली, हेही खरं. गळा उपजत होता, यातही वाद नाही.

पण अडाणी? शाळेतून तो प्रशस्तिपत्रक घेऊन बाहेर पडला होता. लहानपणीच चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला आणि तिथल्या वृंदप्रमुखाने त्याला स्वरलिपी वाचायला शिकवलं. म्हणजे ‘कधी कुणाकडे शिकला नाही’ हे त्याचं बालपण संपायच्या आतच खोटं ठरतं.

पुढे तर खरा गुरूच भेटला. 1892 साली शाल्यापिन तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, उपाशीतापाशी भटकत होता. पोटासाठी रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करू लागला. त्या गावात दिमित्री उसातोव नावाचे शिक्षक राहत. एकेकाळचे मॉस्कोच्या बल्शोय थिएटरमधले टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे गायक. त्यांनी या पोराचा आवाज ऐकला आणि फी न घेता शिकवायचं कबूल केलं. वर महिन्याला दहा रूबलची सोय लावून दिली, अंगावर धड कपडे दिले. जेवायला बसल्यावर काटा-चमचा कसा धरायचा, हेसुद्धा त्याच घरात तो शिकला. शिकवणी मात्र कडक. सूर ढिला पडला की उसातोव शिष्याच्या छातीत ठोसा मारून ओरडत, ‘आधार दे, श्वासाचा आधार दे!’ ही हकिकत शाल्यापिनने स्वतः आठवणींत सांगितली आहे, आणि कृतज्ञतेने सांगितली आहे. मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीताची गोडी त्याला उसातोव यांनीच लावली. त्याच मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या, रशियाच्या बोरिस नावाच्या झारवरच्या ऑपेरामुळे पुढे शाल्यापिन जगभर ओळखला गेला.

‘पहिल्याच संधीत नाव झालं’ म्हणे. पहिली संधी 1890 साली, उफा गावात. दुसऱ्या गायकाच्या जागी त्याला ऐनवेळी उभं केलं. गाऊन झाल्यावर बसायला गेला आणि खुर्ची चुकून सगळ्या प्रेक्षकांसमोर खाली आपटला. 1895 साली पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात घेतलं, तेव्हाही ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ या ऑपेरातली रुस्लानची भूमिका जमली नाही.

त्याच काळातला एक प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ‘रुसाल्का’ या ऑपेरात म्हाताऱ्या गिरणीवाल्याचं गाणं आहे. तो आपल्या मुलीला चार शब्द सुनावतो. शाल्यापिनने ते स्वच्छ, सुरेल म्हटलं. टाळ्या पडल्या त्या जेमतेम. तो नाराज होऊन मामोंत दाल्स्की या नटाकडे गेला. दाल्स्कीने ते शब्द त्याच्याकडून नुसते वाचून घेतले आणि दोष सांगितला: तुझा गिरणीवाला एखाद्या किरकोळ दुकानदारासारखा बोलतोय, अरे, तो गिरणीचा आणि जमिनीचा मालक आहे, भारदस्त शेतकरी आहे. सूर, ताल, आवाज सगळं जागच्या जागी, आणि तरी माणूस चुकीचा! शाल्यापिनला ते लख्ख कळलं. शब्द कुठल्या माणसाच्या तोंडचा आहे हे ठरल्याशिवाय त्यावर सूर चढवायचा नाही, हे तो तिथे शिकला. देवाने दिलेल्या गळ्यात हे नव्हतं. ते एका नटाने दाखवलं आणि त्याने मान खाली घालून घेतलं.

मग 1896 पासून मॉस्कोत साव्वा मामोंतोव यांची खासगी ऑपेरा कंपनी. तिथे कोरोविन, व्रुबेल, सेरोव यांच्यासारखे चित्रकार वावरत. वेश कसा, रंगभूषा कशी, उभं कसं राहायचं, हे तो त्यांच्याकडे बघून शिकत राहिला. कंपनीत एक तरुण सहायक संगीत-संचालक होता, सर्गेई रखमानिनोव. शाल्यापिनला संगीताचं व्याकरण त्याने शिकवलं आणि 1898 च्या उन्हाळ्यात ‘बोरिस गोदुनोव’ची तालीम घेतली. शाल्यापिनने स्वतःच्या भूमिकेबरोबर त्या ऑपेरातल्या बाकी सगळ्यांच्या जागाही पाठ केल्या. बायकांच्यासुद्धा.

‘जग पायाशी आलं’ याबद्दल फार लिहीत नाही. 1901 साली मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात ‘मेफिस्टोफेले’ या ऑपेरातली त्याची सैतानाची भूमिका गाजली खरी, पण त्याआधीचा उन्हाळा त्याने इटलीत त्याच भूमिकेवर घालवला होता. 1907 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात समीक्षकांनी त्याला झोडपलं. तिथे तो परत गेला थेट 1921 साली, बोरिस म्हणून. बाकीचे इटालियनमध्ये गात होते, हा रशियनमध्ये.

आणि तो प्रसिद्ध खर्ज? शाल्यापिनचा आवाज अतिखोल नव्हताच. तो बास, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाचा गायक होता, पण वरच्या अंगाचा, इतका की त्याने ‘दानव’ या ऑपेरातली दानवाची, बॅरिटोनची (बास आणि टेनरच्या मधल्या आवाजाची) भूमिकाही केली. 1928 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. त्यात बोरिस ऐका. घड्याळाच्या प्रसंगात, म्हणजे अपराधाच्या भीतीने बोरिसला भास होतात तिथे, सूर मध्येच सुटतो, धाप लागते, शब्द कुजबुजीत उतरतो, आणि तरी लय एका कणानेही हलत नाही.

त्या 1898 च्या उन्हाळ्यातच तो इतिहासकार क्ल्युचेव्स्की यांच्याकडे गेला होता, खरा बोरिस कसा असेल हे विचारायला. वृद्ध प्राध्यापक त्याला रानात फिरायला घेऊन गेले. चालता चालता ते मध्येच थांबत आणि धूर्त सरदार शुइस्की कसा बोलला असेल हे आवाज बदलून करून दाखवत. पंचवीस वर्षांचा शाल्यापिन शेजारी उभा राहून ऐकत होता.